नानांना माफ

तळमजल्यावरची शिंपीणकाकू चार मजले चढून भांडायला आली, तेव्हाच वहिनीनं ओळखलं की प्रकरण साधं नाही. लिफ्ट बंद पडल्यापासून त्या इमारतीत भांडणंसुद्धा जपून होत. खालच्याशी भांडायचं तर कामाला जाता जाता उरकून घ्यायचं, वरच्याशी भांडायचं तर तो खाली उतरेपर्यंत राग सांभाळून ठेवायचा, आणि तोवर तो बहुधा नासून जायचा. काकूनं मात्र आपला राग पायरी पायरी करत थेट चौथ्या मजल्यापर्यंत आणला होता. दारात पोचल्यावर तिला तो बाहेर काढता येईना, कारण आधी श्वास बाहेर यायला हवा होता. वहिनीनं तिला बसवलं आणि पाणी विचारलं. काकूनं हातानंच नको म्हटलं. हल्ली कुणी कुणाच्या घरचं पाणी पीत नसे. ते कुणीतरी जिन्यानं वाहून आणलेलं असे.

"तुझ्या पोरीनं मला पूर्वी म्हटलं," काकू अखेर म्हणाली.

"काय म्हटलं?"

"पूर्वी. नळावर, चारचौघांत. मी आपली बादली जरा पुढे सरकवली, तर कमरेवर हात ठेवून म्हणते कशी, पूर्वी कुठली."

"अहो काकू, पण ती काही शिवी नाही."

"ते मला कळतं. शाळेत गेलेय मी. पण ज्या तोंडानं म्हटलं ना, त्या तोंडातून ती शिवीच होती."

टिचकी टेबलाखाली जाऊन बसली होती. तिचं खरं नाव चांगलं लांबलचक होतं, पण जीव एवढासा आणि लागायची मात्र बरोबर नेमकी, म्हणून घरात, जिन्यात आणि शाळेतही ती टिचकीच. तिला ओढून बाहेर काढल्यावर तिनं आपली बाजू मांडली. तो शब्द बाबांच्या तोंडून निघाला की आई डोळे वटारते. आईच्या तोंडून निघाला की आई स्वतःची जीभ चावते. आणि जो म्हणेल त्याला खाली जाऊन पाण्याचा कॅन भरून आणायची शिक्षा. बाबा एकदा मुख्याध्यापकांना मूर्ख म्हणाले होते, तेव्हा तर कॅनही आणावा लागला नव्हता. म्हणजे पूर्वी हा शब्द मूर्खाच्या वरचा, हे उघड होतं.

काकू थोडा वेळ त्या पोरीकडे बघत राहिली. मग हसून तिचं पोट हलायला लागलं, आणि इतकं हललं की तिला उतरताना प्रत्येक मजल्यावर बसावं लागलं.

तो शब्द या घरात शिवीच्या पदाला कसा पोचला, त्याची गोष्ट अशी.

शहर एका दिवसात बिघडलं नव्हतं. तसं झालं असतं तर लोकांनी निदान ऊर बडवून घेतला असता, एकमेकांच्या गळ्यात पडले असते. इथे रडायला नेमका दिवसच सापडत नव्हता. पहिल्यांदा रात्रीची शेवटची बस गेली. तिनं तसंही कुणी जात नव्हतं, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मग दुपारच्या गेल्या. रस्त्यावरचे दिवे एक सोडून एक लागू लागले आणि लोक म्हणाले, बरं झालं, डोळ्यांवर यायचे. पेपर बारीक होत होत एका पानाचा झाला. दुकानदार फळीवर माल एकाच रांगेत, अगदी कडेला मांडू लागले, म्हणजे समोरून भरलेलं दिसे. गिऱ्हाईकंही शहाणी, मागे डोकावत नसत. इमारतीची लिफ्ट थांबली तेव्हा तिच्या दारावर 'तात्पुरती बंद' असा कागद लागला. कागद पिवळा पडला, फाटला, दुसरा लागला. शेवटी कुणीतरी वर्गणीतून चांगली पत्र्याची पाटी रंगवून घेतली, निळ्यावर पांढरी अक्षरं, 'तात्पुरती बंद'. ती अजून नव्यासारखी आहे.

लोकांनी हातपाय मात्र गाळले नाहीत. जिन्यात तिसऱ्यापर्यंत दर मजल्यावर एकेक खुर्ची आली. पहिल्या मजल्यावर शिंपीणकाकूचं शिलाईचं स्टूल, दुसऱ्यावर बंद झालेल्या केशकर्तनालयाची डोकं टेकायची खुर्ची, तिसऱ्यावर कुठल्याशा ऑफिसातली गोल फिरणारी. माणसं चढता चढता बसत, आणि बसलं की बोलत. शेजारी कुणाकुणाला गोड वर्ज्य आहे आणि कुणाची सून कुणाशी बोलत नाही, हे लिफ्ट चालू असताना कधी कळलं नव्हतं.

वहिनी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. अख्ख्या इमारतीची ती वहिनीच. नणंद लग्नाआधी गॅलरीतून तशी हाक मारायची, ती सगळ्यांनी उचलली. दुकानात नव्या फ्रेमा यायच्या बंद झाल्या, तसे मालकांनी जुने, मोडके, टाकलेले चष्मे खोक्यानं गोळा करायला सुरुवात केली, आणि वहिनी एकाची काच दुसऱ्याच्या चौकटीत आणि तिसऱ्याची काडी चौथ्याला लावू लागली. अर्धं शहर आता एका कानावर काळी आणि दुसऱ्या कानावर तपकिरी काडी घेऊन हिंडत होतं. सुरुवातीला लोक लाजत. मग एका लग्नात नवरा मुलगाच तसा चष्मा घालून उभा राहिला, आणि लाज संपली. तिचा नवरा शाळेत शिकवत होता. वर्ग कमी झाले तसं त्यानं तीन इयत्तांची मुलं एका खोलीत उंचीप्रमाणे बसवली आणि शिकवणं चालू ठेवलं.

दिवस असा निघून जायचा. अडचण रात्रीच्या जेवणाला यायची.

जेवायला चौघं बसत. ही दोघं, टिचकी आणि वहिनीचे सासरे, नाना. नाना बसस्थानकावर उद्घोषक होते. लाउडस्पीकरवर जन्मभर त्यांनी माणसांना फलाट सांगितले. वहिनी लग्नाआधी रोज त्या स्थानकातून जायची, आणि कुठल्या फलाटावर जायचं हे तिला वर्षानुवर्षं त्यांच्याच आवाजानं सांगितलं होतं. पुढे नवऱ्याकडची मंडळी तिला बघायला आली आणि नाना म्हणाले, "या, बसा," तेव्हा तिनं चमकून आजूबाजूला बस कुठे लागलीय ते पाहिलं. तिथेच लग्न ठरलं असं नाना सांगत.

तर नाना जेवताना म्हणत, पूर्वी. पूर्वी या वेळेला स्थानकात पाय ठेवायला जागा नसायची. मग नवरा म्हणायचा, पूर्वी शाळेला मैदान होतं. मग वहिनीलाही काहीतरी आठवायचं, आणि ताटातलं निवेपर्यंत तिघं मिळून एकेक दिवा मालवत बसायची. एकदा अशीच वीज गेलेली होती, मेणबत्ती लावलेली होती, तिघांची गाडी भरधाव निघाली होती, आणि टिचकीनं विचारलं, "मी पूर्वी का नव्हते?"

नवऱ्यानं मेणबत्तीची वात सरळ केली.

"तुम्ही सगळे होतात," ती म्हणाली. "मलाच नाही नेलं."

सगळ्यांची जेवणं उरकल्यावर दारात पोचलेल्या पाहुण्यासारखं पोरीचं तोंड झालं होतं. वहिनीनं ताट बाजूला सारून तिथल्या तिथे नियम केला: या घरात तो शब्द बंद. जो म्हणेल त्यानं खालच्या नळावरून कॅन भरून आणायचा, लगेच, ताटावरून उठून.

पहिले काही दिवस घरात पाण्याचा सुकाळ झाला. नवऱ्याच्या तर हाताला कॅनची मूठ बसली. मग तो पळवाटा शोधू लागला, 'ते हे होतं तेव्हा' म्हणू लागला, आणि टिचकीनं त्यालाही कॅन लावला. वहिनी स्वतःही दोनदा उतरली, एकदा तर दुकानातून दमून आल्या आल्या. आणि नाना? नाना पहिल्याच रात्री बोलताना अडकले, त्यांनी शब्द उच्चारला, सगळ्यांनी श्वास धरला. नानांचे गुडघे असे, चार मजले असे, लिफ्ट गेल्यापासून ते उंबऱ्याबाहेर पडले नव्हते. वहिनी हसून म्हणाली, "नानांना माफ." मनापासून म्हणाली, प्रेमानं.

नाना म्हणाले, "बरं."

त्यानंतर नाना कमी कमी बोलू लागले. कुणी रुसतं तसं नाही. विचारलं की उत्तर द्यायचे, टिचकीची वेणीही घालून द्यायचे, तीही सरळ. पण तो आवाज, ज्यानं हजारो माणसं बरोबर फलाटावर उभी केली, तो 'हो', 'नको' आणि 'बघू' या तीन थांब्यांवर येऊन थांबला. जेवून झालं की खाटेवर आडवे व्हायचे आणि छताकडे बघत राहायचे. वहिनीनं मनाशी ठरवून टाकलं की हे आपल्या नियमाचं काम. म्हाताऱ्या माणसाकडे दुसरं काय असतं, तेच आपण काढून घेतलं. पण नियम मोडावा तर टिचकीचं ते तोंड आठवायचं. ती दोन्हीकडून अडकली होती.

शिंपीणकाकू गेल्यावर ती नानांच्या खोलीत डोकावली. भांडण तिथे ऐकू गेलंच होतं. नानांच्या ओठाची एक कड जराशी वर गेलेली दिसली. वहिनी आशेनं म्हणाली, "ऐकलंत का, नाना, तुमची नात काय बोलून आली ते?"

"हो," नाना म्हणाले, आणि कूस बदलून भिंतीकडे वळले.

तो शब्द इमारतीत मात्र दोन दिवसांत रुळला. वीज गेली की जिन्यातून कुणीतरी ओरडायचं, गेली पूर्वी कुठली. दूधवाला उशिरा आला की दूधवाला पूर्वी. काकू तर शिलाईच्या मशीनलाही म्हणायची, आणि म्हणाली की हात हलका चालतो असं तिचं मत होतं. सगळी इमारत हसत होती, आणि चौथ्या मजल्यावर ज्यांच्यामुळे ते सगळं सुरू झालं ते नाना गप्प होते.

त्याच आठवड्यात नणंदेचा फोन आला. ती दूरच्या शहरात होती. तिथे अजून दिवे ओळीनं लागत आणि तिच्या इमारतीची लिफ्ट वरही जाई आणि खालीही येई. ती महिनोन्‌महिने म्हणत होती की नानांना माझ्याकडे पाठवा, आणि नाना दर वेळी 'बघू' म्हणत होते. पण 'नको' म्हणाले नव्हते, हे तिनं बरोबर पकडलं होतं. या वेळी तिनं विचारलंच नाही. रविवारी जीप घेऊन येते, सोमवारी सकाळी नानांना घेऊन निघते, एवढंच सांगितलं.

वहिनीनं 'ये' म्हटलं. दुसरं काय म्हणणार? गुडघे, जिना, गोळ्यांच्या अर्ध्या पट्ट्या विकणारा औषधवाला, सगळं नणंदेच्या बाजूनं बोलत होतं. वहिनीच्या बाजूनं काहीच नव्हतं, फक्त तिला ते जायला नको होते. आणि हे सांगणं म्हणजे म्हाताऱ्याला चौथ्या मजल्यावर कोंडून ठेवणं, असं तिचंच मन तिला ऐकवत होतं. रविवारपर्यंत तिनं त्यांची कपाटं आवरली, सदऱ्यांची बटणं लावली, आणि दुकानात एका गिऱ्हाइकाला दोन्ही डाव्या काड्या बसवून दिल्या.

नणंद दारात आली ती एका हातात पर्स आणि एका हातात कठडा धरलेल्या माणसासारखी वाकून. खुर्च्या तिला माहीत नव्हत्या. ती लाजून कुठेच बसली नव्हती.

"काय गं वहिनी हा जिना," ती म्हणाली. "पूर्वी निदान..."

टिचकीनं दोन्ही कानांवर हात ठेवले. "आत्यानं शिवी दिली."

मग नियम सांगावा लागला. नणंद हसली, म्हणाली, मी पाहुणी आहे. टिचकीनं सांगितलं की नियमात पाहुणे नाहीत. नणंद म्हणाली, आत्ताच चढून आलेय, मला माफ कर. टिचकी म्हणाली, "माफ फक्त आजोबांना," आणि रिकामा कॅन तिच्या हातात दिला. नवरा मध्ये पडायला निघाला होता, पण वहिनीची नजर नानांकडे गेली. ते आपल्या खोलीच्या दाराशी येऊन उभे होते. लेकीला त्यांनी अजून नीट जवळही घेतलं नव्हतं. ते त्या कॅनकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं जे वहिनीला वाचता आलं नाही.

नणंद गेली आणि बऱ्याच वेळानं आली. केस सुटलेले, चपला हातात, कॅन अर्धा. पण आता तिला न्हाव्याच्या खुर्चीची सगळी कहाणी माहीत होती, काकूनं तिच्या कुर्त्याची उसवलेली बाही उभ्या उभ्या शिवून दिली होती, आणि ती रागावलेली आहे की हसतेय हे तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं.

संध्याकाळी मात्र ती गंभीर झाली. नानांची बॅग भरताना तिनं दर वस्तूला विचारलं, हे घ्यायचं का, आणि नानांनी दर वस्तूला 'बघू' म्हटलं. तेव्हा ती स्वयंपाकघरात आली आणि वहिनीशेजारी भांडी पुसू लागली.

"दिवसभर छताकडे बघत असतात, दादा सांगत होता," ती हळू आवाजात म्हणाली. "इथे त्यांना काय आहे, वहिनी? मी म्हटलं तर बघू म्हणतील. तुझं ऐकतात ते. तूच सांग त्यांना, जा म्हणून."

वहिनीनं भांडं पुसून फळीवर ठेवलं, पुन्हा काढलं आणि पुन्हा पुसलं. मग हात कोरडे करून तिनं कामाचा बारीक पेचकस आणि स्क्रूची डबी घेतली आणि ती नानांच्या खोलीत गेली. नानांच्या चष्म्याचा एक स्क्रू सारखा ढिला व्हायचा. त्यांची एक काडी काळी आणि एक पांढऱ्या प्लॅस्टिकची होती, बायकांच्या चष्म्याची. ती तिनंच लावलेली होती, आणि त्यांनी कधी दुसरी मागितली नव्हती.

चष्मा काढल्यावर नाना लहान दिसत. वहिनी स्क्रू पिळत बसली. पिळून झाला तरी पिळत बसली.

"नाना, तुम्ही जा," ती चष्म्याकडे बघत म्हणाली. "तिथे लिफ्ट आहे. खाली बागही आहे म्हणे."

"तुला वाटतं का मी जावं?"

खोटं बोलायची तिची तयारी होती. वाक्यही जुळवलेलं होतं. "नाही," ती म्हणाली.

"मग?"

"इथे तुम्ही बोलत नाही. माझ्या नियमानं तुमचं तोंड बंद केलं मी. मला कळायला हवं होतं. उद्यापासून नियम रद्द, नाना. काय बोलायचं ते बोला. टिचकीची समजूत मी घालेन."

नाना उठून बसले. "नियमाला काय झालंय? चांगला आहे नियम. आम्ही पोरीचं जेवण कडू करत होतो, ते बंद झालं."

"मग बोलत का नाही?"

त्यांनी हात पुढे करून चष्मा मागितला, डोळ्यांवर ठेवला आणि तिच्याकडे नीट पाहिलं.

"तू मला माफ केलंस," नाना म्हणाले. "माझा मुलगा उतरतो. तू दमून येतेस आणि उतरतेस. एवढीशी पोर उतरते, अर्धी बाटली का होईना, घेऊन येते. आज पाहुणी आली, तिला हात धुऊ दिले नाहीत आणि खाली पिटाळली. मी एकटा माफ. कॅन आणायचा नाही, म्हणजे मी काहीही बोललो तरी चालतं. भिंतीवरचं घड्याळ बंद असलं की त्यात किती वाजलेत त्यावरून कुणी भांडतं का?"

वहिनीच्या हातातून पेचकस निसटला, स्क्रूची डबी कलंडली आणि सगळे बारके स्क्रू खाटेखाली पळाले. मग ती आणि तिचे सासरे दोघंही गुडघ्यांवर बसून फरशी चाचपत राहिले. नानांचे गुडघे वाकले, कुरकुरले, पण वाकले, हे तिनं पाहून ठेवलं.

सकाळी चहा झाला. बॅग दाराशी उभी होती. खाली जीपवाल्यानं एकदा हॉर्न वाजवून मी आलोय असं कळवलं. नणंद उठली, नवरा बॅग उचलायला वाकला. नाना टेबलाशी बसून होते. त्यांच्या पायात बाहेरचे बूट होते, आणि बुटांच्या नाड्या स्वतः बांधलेल्या होत्या. त्यांनी कप बाजूला ठेवला, उभे राहिले आणि घसा साफ केला. कपातला चमचा किणकिणावा इतका भरदार तो आवाज आला.

"प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे."

सगळ्यांनी दिलं.

"पूर्वी," नाना म्हणाले, आणि थांबले. पुढे काहीही बोलले नाहीत.

"आजोबा!" टिचकी ओरडली.

"म्हटलं. कॅन आणा."

नणंद दारात आडवी उभी राहिली. चार मजले, नाना, वेडे झालात का, आणि वर भरलेला कॅन. नवऱ्यानं वहिनीकडे पाहिलं. नणंदेनंही पाहिलं. नानांनी मात्र पाहिलं नाही. ते हात पुढे करून कठड्याकडे बघत उभे राहिले, फलाटावर बस लागायची वाट बघतात तसे. वहिनीच्या डोळ्यांपुढे तो जिना सगळाच्या सगळा आला, तुटलेल्या पायऱ्यांसकट. एक शब्द म्हटला असता तर ते पुन्हा बसले असते. ती स्वयंपाकघरात गेली. टिचकीची बाटली हाताशी होती, ती तिनं उचलली आणि परत ठेवली. मग घरातला तोच तो कॅन आणला आणि त्यांच्या हातात दिला.

"भरून आणायचा, नाना," ती म्हणाली. आवाज हलला, पण वाक्य पुरं झालं.

ते निघाले. पुढे टिचकी, मागे नाना. त्यांच्यामागे नवरा कचऱ्याचा डबा घेऊन, आपल्याला योगायोगानं आत्ताच कचरा टाकायचा असल्यासारखा. वहिनी वरच्या कठड्याशी उभी राहिली. तिच्या शेजारी नणंद. दोघींना खालचं काही दिसत नव्हतं, फक्त एक हात कठड्यावरून हळूहळू सरकत होता आणि एक पांढरी काडी मधूनच चमकत होती.

"पुढील थांबा," जिन्यात आवाज घुमला, "तिसरा मजला. गोल खुर्ची. येथे गाडी थोडा वेळ थांबेल."

एक दार उघडलं. मग समोरचं. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत दारांचा आवाज पुढे पुढे धावत होता. कुणीतरी म्हणालं, अहो, हा तर आपल्या स्टँडवरचा आवाज. शिंपीणकाकू खालून ओरडली, "अगं बाई, बस सुरू झाली की काय?"

"काकू, बादली मागे घ्या," लाउडस्पीकर नसतानाही सगळ्या इमारतीला ऐकू गेलं, "फलाट मोकळा ठेवा."

नणंद हसली, आणि हसता हसता तिनं डोळे पुसले. "हे असे बोलायचे माझ्या लहानपणी," ती म्हणाली. "न्हाणीघरातून बाहेर यायचे तेसुद्धा घोषणा करून." खाली जीपचा हॉर्न पुन्हा वाजला. ती बराच वेळ दाराशी उभ्या असलेल्या बॅगेकडे बघत होती. मग आत गेली, बॅग उघडली, नानांचे सदरे काढले आणि त्यांच्या खाटेवर ठेवले. तेवढंच. वहिनीशी त्याबद्दल काही बोलली नाही. खाली जाऊन जीपवाल्याला थोडं थांब म्हणून सांगून मात्र आली, वडील वर पोचलेले बघितल्याशिवाय तिला निघायचं नव्हतं.

चौथ्या मजल्यावर जिन्यात खुर्ची नव्हती. इथवर आलेला माणूस घरीच आलेला असतो, म्हणून कधी कुणाला सुचलं नव्हतं. वहिनीनं जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची बाहेर आणून कठड्याशी ठेवली, नानांची रोजची.

वर यायला नानांना फार वेळ लागला. प्रत्येक खुर्चीत बसले, प्रत्येक खुर्चीशेजारी कुणीतरी होतं, आणि लोकांना विचारायचं बरंच साठलं होतं. कॅन तिसऱ्या मजल्यापर्यंत कुणाकुणाच्या हातातून आला हे कुणी सांगितलं नाही. शेवटच्या पायऱ्या मात्र तो नानांच्याच हातात होता. अर्ध्याहून जरा कमी भरलेला. सदरा भिजलेला, चेहरा लाल, काडी कानावरून सुटलेली. ते खुर्चीत बसले आणि कॅन त्यांनी वहिनीच्या पायाशी ठेवला.

"उशीर झाला," ते धापा टाकत म्हणाले.

"चालायचंच."

"बस कधीच वेळेवर येत नाही. मी सांगायचो, पाच मिनिटांत येईल, आणि ती यायची आपल्या मर्जीनं. पूर्वीसुद्धा..."

ते थांबले. जिना थांबला. टिचकी हळूच कॅनकडे बघू लागली.

वहिनीनं वाकून त्यांची सुटलेली काडी कानामागे नीट बसवली.

"माफ नाही हं, नाना," ती म्हणाली.

"मला जरा बसू तर दे," नाना म्हणाले, आणि कॅन आपल्याकडे ओढून घेतला.